काट्याने काटा निघाला, हे कशावरून?

माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं आणि ते माझं फार लाडकं होतं: ‘क्षेत्राच्या आतून आलेला माणूस जास्त चांगला तपासनीस ठरतो.’ आधाराला अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगची एक केस घेतली होती, गॅरी नेल्सनची. सरांनी त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ तेव्हा राग आला. आता वाटतं, अख्ख्या सिनॉप्सिसवरचा सगळ्यात कामाचा शेरा तोच होता.

आधी केस थोडक्यात. स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, आतून पूर्ण शर्यतीसाठी बांधलेली गाडी. या शर्यती भरवणारी आणि त्यांचे नियम करणारी मोठी संस्था म्हणजे नॅस्कार. क्रू चीफ हा टीमचा मेंदू असतो. गाडी कशी बसवायची, टायर कधी बदलायचे, नियमाच्या किती जवळ जायचं, हे तो ठरवतो. नेल्सन क्रू चीफ असताना बॉबी ॲलिसनने १९८३ चं अजिंक्यपद जिंकलं आणि जेफ बोडीनने १९८६ ची डेटोना ५००. नियमांच्या फटी शोधण्यात नेल्सनचा हात धरणारा कोणी नाही, अशी त्याची ख्याती होती. १९९२ च्या हंगामापासून नॅस्कारने त्यालाच मुख्य मालिकेचा डायरेक्टर केलं. म्हणजे गाड्या तपासायचं काम आता त्याच्या हाताखाली!

यावर सगळीकडे एकच टिप्पणी वाचायला मिळते. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘काट्याने काटा काढला’. माझा आक्षेप नेल्सनवर नाही, या वाक्यावर आहे. ते इतकं गोड आहे की पुरावा मागायचं भानच राहत नाही.

पहिली अडचण, पुरावा कसला आहे? सर्वात प्रसिद्ध किस्सा शिशाच्या छर्‍यांचा. गाडीला किमान वजनाची अट असते. किस्सा असा, की चॅसिसच्या पोकळ नळ्यांत छर्रे भरायचे, वजनकाट्यावर गाडी पास करायची आणि शर्यत सुरू होताना ड्रायव्हरने एक खटका ओढून ते ट्रॅकवर सांडायचे. गाडी हलकी! आता यात शिकण्यासारखं काय? नियम म्हणत होता ‘गाडी इतकी जड हवी’, पण मोजमाप सांगत होतं ‘अमुक क्षणी इतकी जड होती’. या दोन वाक्यांमधल्या फटीतून छर्रे सांडले. तुमची प्रश्नावलीही अशीच एका क्षणाचं वजन घेत असते, हे लक्षात ठेवा.

पण या क्षेत्रातल्या असल्या गोष्टी बऱ्याचदा खूप वर्षांनी, हशा आणि टाळ्यांच्या मैफलीत सांगितल्या जातात. तिथे लबाडी कबूल करण्याने नुकसान होत नाही, उलट भाव वाढतो. स्मोकी युनिक नावाच्या जुन्या मेकॅनिकने पेट्रोलची टाकी काढलेली गाडी चालवत नेली, हा किस्सा तर किती आवृत्त्यांत फिरतो! मौखिक साधन टाकाऊ नसतं. पण सांगणाऱ्याला ते सांगून काय मिळतं, हे आपण लिहायलाच हवं.

याच्या शेजारी १९८२ ची डेटोना ५०० ठेवून बघा. शर्यतीच्या सुरुवातीलाच दुसऱ्या गाडीचा धक्का लागला आणि ॲलिसनच्या गाडीचा मागचा बंपर निखळला. पुढे तीच गाडी जिंकली. क्रू चीफ नेल्सन. विरोधक म्हणाले, बंपर मुद्दाम कच्चा जोडला होता, कारण त्याच्याशिवाय गाडी हवेत जास्त चांगली पळते. टीमने नाकारलं. घटना एक, स्पष्टीकरणं दोन, आणि निखळलेला बंपर दोन्हींत चपखल बसतो! माझ्या पहिल्या मसुद्यात मी बेधडक ‘मुद्दाम’ लिहिलं होतं. का? तर नेल्सन ‘तसाच’ आहे म्हणून. म्हणजे ख्यातीवरून घटना ठरवली आणि घटनेवरून पुन्हा ख्याती सिद्ध केली. व्हायवात इथेच पकडतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. तपासनीसाचं काम फक्त लबाडी पकडणं आहे का? मे २००० ते फेब्रुवारी २००१ या काळात नॅस्कारच्या तीन मुख्य मालिकांमधले चार ड्रायव्हर गेले: ॲडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर आणि डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट. डोकं आणि मान सावरणारं हान्स हे उपकरण तेव्हा उपलब्ध होतं, पण डोकं-मान बांधून ठेवणारं साधन नॅस्कारने सक्तीचं केलं ते ऑक्टोबर २००१ मध्ये. इथे कमी पडलं ते फटी ओळखण्याचं ज्ञान नव्हे. प्रश्न होता किती धोका ‘चालतो’ हा, आणि तो आतल्या माणसाला कदाचित सगळ्यात उशिरा दिसतो, कारण त्या धोक्यातच तो वाढलेला असतो.

हे लिहिल्यावर मी खूश झाले. नवं वाक्य मिळालं होतं: ‘आतला माणूस धोक्याबाबत आंधळा असतो.’ पण तेही टिकेना. गाडी उलटी फिरली की छतावरच्या झडपा उघडतात आणि तिला हवेत उडण्यापासून रोखतात. या झडपा १९९४ पासून सक्तीच्या झाल्या, नेल्सनच्याच कारकिर्दीत. पुढे संशोधन आणि विकासाची बाजू त्याच्याकडे आली, आणि नॅस्कारचं कॉन्कॉर्डमधलं संशोधन केंद्र २००३ मध्ये सुरू झालं. शिवाय इतक्या मोठ्या संस्थेत सक्तीचा निर्णय एकटा डायरेक्टर घेत नसतो. चार मृत्यूंचा भार एका माणसावर टाकणं हीसुद्धा ‘काट्याने काटा’इतकीच आळशी मांडणी झाली असती.

मग या केसचं करायचं काय? फेकून द्यायची नाही. एका केसवरून ‘आतला माणूस चांगला की वाईट’ हे सिद्ध होत नाही, पण प्रश्नच चुकीचा आहे हे मात्र दिसतं. कोणत्या कामासाठी आतला? छर्रे शोधायला आतलं ज्ञान लागतं. मान का मोडते हे समजायला बाहेरचं, शरीरशास्त्राचं ज्ञान लागतं. आणि दोन्ही माहीत असलं तरी सक्ती करायला अधिकार लागतो. या तीन गोष्टी मी एका शब्दात कोंबल्या होत्या, ‘चांगला’.

माझं लाडकं वाक्य आता सिनॉप्सिसमध्ये नाही. त्या जागी एक लांबट, रटाळ, पण तपासता येईल असा प्रश्न आहे. तुमच्याही मसुद्यात एखादं वाक्य असेल, जे वाचताना तुम्ही स्वतःच मान डोलावता. पेन्सिल घ्या आणि पहिला ‘कशावरून?’ तिथे लिहा.