‘माझं नेटवर्क’ म्हणजे नक्की कोणाचं?

मेल सर्व्हर चालवणाऱ्याला एक प्रश्न सुटत नाही: बाहेरच्या पत्त्यांवर जाणारी मेल आपण कोणाकोणाकडून घेऊन पुढे पाठवायची? यालाच रिले म्हणतात. पोस्टफिक्समध्ये याचं एक उत्तर ‘मायनेटवर्क्स’ या सेटिंगमध्ये लिहितात. तिथे आयपी पत्त्यांचे गट द्यायचे. त्या पत्त्यांवरून येईल त्याला रिले मोकळा. माझा आक्षेप या नावातल्या ‘माय’लाच आहे.

सोसायटीचा वॉचमन आठवा. गेटच्या आत दिसला तो आपलाच, असं त्याने धरलं तर? पोस्टफिक्सच्या मूळ नियमक्रमात ‘कुठून आलास?’ हे आधी विचारतात, ‘कोण आहेस?’ नंतर. पहिलं उत्तर पटलं की पासवर्डशिवायच काम होतं.

१९८२ च्या एसएमटीपी प्रमाणात रिले ही साधी नेहमीची सोय होती. पुढे स्पॅम आला. १९९९ मध्ये आरएफसी २५०५ ने रिलेला आवर घालायला सांगितलं आणि त्याच वर्षी आरएफसी २५५४ ने लॉगिनची सोय दिली. म्हणजे माणूस ओळखायचा मार्ग तेव्हापासून आहे. तरी पोस्टफिक्स २०१५ पर्यंत, तुम्ही काही लिहिलं नाहीत तर, सर्व्हरच्या अख्ख्या सबनेटवर विश्वास टाकत होता. आवृत्ती ३.० मध्ये तो फक्त स्वतःच्या यंत्रापुरता आला. चूक सुधारली, पण जुन्या सर्व्हरवर अपग्रेड केल्यावर जुनीच वागणूक चालू राहू शकते. लॉगमध्ये तेवढा इशारा येतो. आता लॉग वाचतं कोण!

आकडेही बघा. ‘/२४’ लिहिलंत तर २५६ पत्ते, ‘/१६’ लिहिलंत तर ६५,५३६. टायपिंगमध्ये फरक दोन अक्षरांचा. त्यातलं एखादं यंत्र व्हायरसने पछाडलं, की स्पॅम तुमच्या नावाने जातो, सर्व्हर काळ्या यादीत पडतो आणि प्रबंधाची खरी मेलही परत येते. डॉकरमध्ये तर कधीकधी बाहेरून आलेली जोडणीही आतल्या गेटवेच्या पत्त्याची दिसते. तो पत्ता यादीत असला की गेट सताड उघडं.

बाजूही मांडतो. जुना स्कॅनर पासवर्ड देऊ शकत नाही. त्याच्यासाठी ही सोय लागतेच. मग त्या एकाच यंत्राचा पत्ता लिहा, ‘/३२’ लावून. बाकी सगळ्यांना ५८७ पोर्टवर लॉगिन करायला लावा.

आज एवढं कराच: ‘पोस्टकॉन्फ मायनेटवर्क्स’ ही आज्ञा चालवा आणि आलेल्या प्रत्येक ओळीला विचारा, तू माझी कोण?