'भारतीय जिनसेंग' या संज्ञेची चिकित्सा

विदर्भातही आढळणाऱ्या आस्कंदास, अर्थात अश्वगंधेस, 'भारतीय जिनसेंग' म्हणण्याचा प्रघात सदोष आहे. जिनसेंग अरॅलिएसी कुलातील, तर अश्वगंधा वांग्याच्या सोलॅनेसी कुलातील वनस्पती होय. शिलादित्य सेनगुप्ता व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रयोगांती दाखविले, की जिनसेंगमधील आरजी-१ हा घटक नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देतो, तर आरबी-१ तीस अटकाव करतो. म्हणजेच अर्काचा परिणाम या घटकांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असतो. त्याच वर्षी अश्वगंधेतील विथाफेरिन-ए ही वाढ रोखते, असे अन्य संशोधनात आढळले. जखम भरण्यास ही वाढ आवश्यक असते. कर्करोगाच्या गाठीस मात्र तीच पोषक ठरते. अतएव नामसाम्यावरून गुणसाम्य गृहीत धरणे रुग्णास अपायकारक ठरू शकते. अर्काच्या वेष्टनावर घटकांचे प्रमाण नमूद असणे अगत्याचे आहे.