सागराची साक्ष

सागराच्या लावण्याचे गोडवे गाणे आपल्या कलावंतांस कधीच जड गेलेले नाही. बा. भ. बोरकरांनी तर मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांत गोव्याचा निसर्ग साठवून ठेविला. परंतु तोच सागर प्लास्टिकने आणि सांडपाण्याने मलिन होत असता कलेने काय करावे, हा प्रश्न नवा आहे. गोव्याचे कलावंत सुबोध केरकर यांच्या दोन कृतींच्या आधारे त्याचा विचार करणे उचित ठरेल. वैद्यकीचा व्यवसाय सोडून ते कलेकडे वळले आणि २०१५ साली पिळर्ण येथे त्यांनी ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभारले. त्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘मोग’, म्हणजे प्रेम, हा कोंकणी शब्द साधतो.

केरकरांनी चिनी मातीच्या थाळ्या समुद्रात बुडवून ठेविल्या. त्या वर काढल्या तेव्हा त्यांवर कालवांनी आपली घरे बांधिली होती. गोव्याच्या किनाऱ्यावर जुन्या व्यापारातील चिनी भांड्यांचे तुकडे सापडतात. त्यांचेही स्मरण या थाळ्या करून देतात. येथे कलावंत निमित्तमात्र आहे, खरी कारागिरी कालवांची. पाणी जिवंत असेल तरच ही नक्षी उमटावयाची. सागराचे सौंदर्य आणि त्याची नाजुकता या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत, हे ती थाळी एक अक्षरही न बोलता सांगते.

याउलट, २०१७ साली साळगाव येथे त्यांनी टाकाऊ बाटल्यांची फुले करून विस्तीर्ण गालिचा मांडिला. हेतू निःसंशय चांगला. परंतु कचराच इतका रमणीय दिसू लागला म्हणजे पाहणाऱ्याच्या मनातील टोचणी बोथट होते. न्यायालयाच्या भाषेत बोलावयाचे तर गालिचा हे वकिलाचे भाषण आणि थाळी ही साक्षीदाराची जबानी होय. भाषणाने सभा जिंकता येते. निकाल मात्र पुराव्यावरच लागावयास हवा.

तलमडुगुसारख्या, किनाऱ्यापासून दूरच्या गावी ही चर्चा कोणास अप्रस्तुत वाटेल. तथापि आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या वाटेने शेवटी बंगालच्या उपसागरासच मिळते. निर्माल्यासह प्लास्टिकची पिशवी प्रवाहात सोडणारा हातही त्यामुळे सागरापर्यंत पोहोचतो. समुद्रमंथनाच्या कथेत अमृताआधी हलाहल वर आले. आज ते आपणच सागरात ओतीत आहोत. कलेने अमृताचे दर्शन अवश्य घडवावे, परंतु विषास सुवर्णकलशात घालून त्याचा दाह लपवू नये.