शालेय ग्रंथपालाचे पद आणि पटसंख्येचा निकष : आरे कॉलनीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

'ग्रंथालय हे शाळेचे हृदय आहे' हे विधान शैक्षणिक अहवालांतून आणि समारंभांतील भाषणांतून इतक्या वेळा येते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुसंख्य माध्यमिक शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालय नसल्याचे नोंदवून प्रशिक्षित ग्रंथपाल नेमण्याची शिफारस केली होती. त्यानंतर 70 वर्षे उलटली. पुस्तकांसाठी तरतूद झाली. पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र मागे राहिला. तो का राहिला, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांतील विसंगती :

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असणे बंधनकारक आहे. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 हून अधिक मुले असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे. ग्रंथपालाचा मात्र उल्लेखही नाही. म्हणजे कायद्याने ग्रंथालय दिले, ग्रंथपाल दिला नाही. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत शाळांना 5,000 ते 20,000 रुपयांचे वार्षिक ग्रंथालय अनुदान ठरविण्यात आले. ते पुस्तकांसाठी आहे, वेतनासाठी नाही.

महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळांत हे पद आहे. परंतु ते पटसंख्येशी बांधलेले आहे. चिपळूणकर समितीच्या शिफारशींनुसार साधारणतः 500 ते 1000 विद्यार्थ्यांमागे अर्धवेळ आणि 1000 च्या पुढे पूर्णवेळ ग्रंथपाल, असा निकष रूढ झाला. शिक्षकेतर पदांचा आकृतिबंध 2019 मध्ये सुधारण्यात आला, तरी मूळ विचार तोच राहिला. पटसंख्या हे प्रशासनाच्या सोयीचे माप आहे. वाचनाच्या गरजेचे ते माप नव्हे.

आरे कॉलनीचा संदर्भ :

हा निकष कोणाच्या वाट्याला काय देतो, हे आरे कॉलनीसारख्या वस्तीत स्पष्ट होते. 1949 मध्ये स्थापन झालेल्या या दुग्ध वसाहतीत एकीकडे वारली, कोकणा, मल्हार कोळी आदी समाजांचे 27 पाडे आहेत, तर दुसरीकडे तबेल्यांवर काम करणारी उत्तर भारतीय कुटुंबे आहेत. घरी वारली, शाळेत प्रमाण मराठी आणि रस्त्यावर हिंदी अशा तीन भाषांतून येथील अनेक मुले वावरतात. घरात पुस्तक नसलेल्या मुलाला शाळेचे ग्रंथालय हाच आधार असतो. परंतु विखुरलेल्या वस्तीतील शाळेला हजाराचा पट गाठणे अवघड. परिणामी जिथे गरज अधिक, तिथे पद नाही.

लगतच्या पवई येथील आयआयटीच्या परिसरात केंद्रीय विद्यालय आहे. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपाल हे नियमित पद असून त्यासाठी ग्रंथालयशास्त्रातील पदवी, अथवा कोणत्याही शाखेच्या पदवीसह या विषयातील एक वर्षाची पदविका आवश्यक असते. वेतनश्रेणी प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या तोडीची आहे. एकाच परिसरातील दोन मुलांच्या वाट्याला येणारा हा फरक त्यांच्या बुद्धीचा नाही. शाळा कोणाच्या अखत्यारीत आहे, याचा आहे.

पद नसलेल्या शाळेत ग्रंथालयाचा 'पदभार' एखाद्या शिक्षकाकडे जातो. त्याचे तास कमी होत नाहीत. जडसंग्रह नोंदवहीची जबाबदारी मात्र वाढते. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्याला द्यावा लागतो, न वाचलेल्या पुस्तकाचा जाब कोणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत कपाटाला कुलूप लागले, तर तो शिक्षकाचा दोष म्हणता येणार नाही.

पात्रतेचा प्रश्न :

येथे दुसरी बाजूही तपासणे आवश्यक आहे. पात्रताधारक ग्रंथपाल नेमला की प्रश्न सुटतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रमाणपत्र, पदवी व पदव्युत्तर अशी ग्रंथालयशास्त्राची चढण आपल्याकडे आहे. पण तिचा भर वर्गीकरण, तालिकीकरण आणि संगणकीकरण यांवर आहे. दशांश वर्गीकरणात निष्णात असलेली व्यक्ती दुसरीतल्या वारली मुलासाठी योग्य पुस्तक निवडू शकेलच असे नाही. बालसाहित्याची ओळख, प्रकट वाचन, बहुभाषिक संग्रहाची उभारणी ही कौशल्ये वेगळी आहेत. पराग उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स आणि गोव्यातील बुकवर्म या संस्थेचे काम या दिशेने जाते. विद्यापीठीय अभ्यासक्रमांनी त्याची दखल घ्यावयास हवी.

निष्कर्ष :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 मध्ये ग्रंथालयांसाठी पुरेसा कर्मचारीवर्ग आणि त्यांच्या व्यावसायिक वाटचालीचा उल्लेख आहे. तो प्रत्यक्षात यावयाचा असेल, तर लहान शाळांच्या समूहासाठी मिळून एक पूर्णवेळ ग्रंथपाल देता येईल. चार-पाच शाळांत आठवड्यातून एकेक दिवस जाणारी प्रशिक्षित व्यक्ती ही अशक्य कोटीतील मागणी नव्हे. त्यासाठी पदाचा निकष पटसंख्येऐवजी मुलाच्या गरजेवर आणि पात्रतेचा निकष केवळ तंत्राऐवजी वाचनसंस्कारावर आधारावा लागेल. तोपर्यंत अनुदानातून घेतलेली पुस्तके नोंदवहीत सुरक्षित राहतील आणि मुले त्यांच्यापासून दूर राहतील.