'विष', 'ॲसिड' आणि 'आम्ल' : विक्रीनिर्बंधांची परिभाषा

घातक द्रव्यांच्या किरकोळ विक्रीचे नियमन १९१९ च्या विष अधिनियमाने भारतातील प्रांतिक, पुढे राज्य सरकारांच्या हाती दिले. या अधिनियमाची एक विशेषता भाषाभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. 'विष' म्हणजे काय, हे तो सांगतच नाही. नियमात वा अधिसूचनेत ज्या द्रव्याचा विष म्हणून निर्देश होईल, ते या अधिनियमापुरते विष मानावे, एवढेच त्याचे आठवे कलम म्हणते. येथे शब्दामागे अर्थ नसून केवळ यादी आहे. यादीमुळे वादाला जागा उरत नाही, हे खरे. परंतु यादीबाहेरचे द्रव्य कितीही मारक असो, कायद्याच्या लेखी ते विष नव्हे.

दंडविधानाची रीत याच्या नेमकी उलट आहे. २०१३ साली भारतीय दंडसंहितेत ३२६ अ व ३२६ ब ही कलमे आली. आम्लधर्मी, क्षरणकारी अथवा दाहक असून व्रण, विद्रूपता वा अपंगत्व आणणारी इजा करू शकेल असे कोणतेही द्रव्य त्यांच्या स्पष्टीकरणाने 'ॲसिड' या संज्ञेत घेतले. रसायनशास्त्राचा विद्यार्थी येथे अडखळेल, कारण या व्याख्येने कॉस्टिक सोड्यासारखे अल्कधर्मी द्रव्यही 'ॲसिड' ठरते. तथापि हा दोष नव्हे. जळालेल्या चेहऱ्याला द्रव्याची जात ठाऊक नसते.

खरी अडचण दुकानाच्या फळीवर उद्भवते. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी विक्रेत्यावर बंधने घातली : ग्राहकाचे नाव, पत्ता व विकलेले परिमाण नोंदवहीत लिहावे, सरकारी छायाचित्रयुक्त ओळखपत्र पाहावे, खरेदीचे प्रयोजन विचारावे, अठरा वर्षांखालील व्यक्तीस विकू नये. ('सफाईसाठी' एवढ्या उत्तराने प्रयोजनाचा रकाना भरतो, हे वेगळे सांगावयास नको.) मात्र या निर्देशांत 'ॲसिड' हा शब्द नुसताच येतो. तो दुकानदाराने कोणत्या अर्थी घ्यावयाचा? त्याच्या बोलीत ॲसिड म्हणजे संडास-मोरी धुण्याची बाटली. तुंबलेल्या नळीत टाकावयाची कॉस्टिकची पूड विकताना नोंदवही उघडण्याचे त्याच्या मनातही येणार नाही. मग ते द्रव्य राज्याच्या यादीत असो वा नसो.

मराठी प्रतिशब्दाने हा गोंधळ वाढतो. 'आम्ल' हा शब्द शास्त्रीय ग्रंथांत निर्दोष आहे. पण त्याच्या मुळाशी आंबटपणा आहे, आणि सामान्य वाचकाला तो चिंच-लिंबाची आठवण देतो. सार्वजनिक सूचनेत तो धोका सांगत नाही. फारसीतून आलेला 'तेजाब', म्हणजे तीक्ष्ण पाणी, या दृष्टीने अधिक बोलका आहे. परंतु पूड वा खडे त्यात बसत नाहीत. 'दाहक द्रव्य' ही संज्ञा दंडविधानाच्या व्याख्येशी जुळते आणि दुकानदारालाही कळते. विक्रीविषयक मराठी नियमांत व फलकांवर तीच योजावी, आणि तिच्याखाली द्रव्यांची बाजारातील नावे द्यावीत.