लाडो यांचा तुलनासिद्धांत आणि स्पॅनिश भाषकांचे इंग्रजी

रॉबर्ट लाडो यांचा ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. परभाषेतील जे घटक स्वभाषेसारखे ते सुलभ, जे भिन्न ते दुष्कर, हे त्यातील प्रमुख प्रतिपादन होय. स्पॅनिश भाषकांचे नित्याचे इंग्रजी संभाषण ऐकता ते प्रथमदर्शनी पटते. स्पॅनिशमध्ये भूक आणि वय ही माणसाजवळ ‘असतात’. म्हणून ‘आय हॅव हंगर’, ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स’. क्रियारूपावरून कर्ता कळत असल्याने सर्वनाम गळते; म्हणून ‘इज रेनिंग’.

परंतु भेद आणि अडचण यांचे नाते इतके सरळ नाही. ‘सेर’ व ‘एस्तार’ या दोन स्पॅनिश क्रियापदांचे काम इंग्रजीत बहुधा एकटे ‘बी’ करते. भेद एकच, तथापि तो स्पॅनिश भाषकाला फारसा जाचत नाही, स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकाला मात्र दीर्घकाळ छळतो. स्टॉकवेल, बोवेन व मार्टिन यांनी १९६५ साली अडचणींची श्रेणी लावली ती अशाच विषमतेची दखल घेऊन.

याहून गंभीर आक्षेप नकाराचा आहे. ‘आय नो स्पीक’ ही चूक क्रियापदापूर्वी ‘नो’ ठेवणाऱ्या स्पॅनिशची छाया म्हणावी, तर ज्या जपानीत नकार क्रियापदामागून येतो, तिच्या भाषकांच्या आरंभीच्या इंग्रजीतही तशीच रचना आढळते; इंग्रजी मातृभाषा असलेली बालकेही ती योजतात. अर्थात ती केवळ मातृभाषेची देणगी नव्हे.

तात्पर्य, तुलनेने घडलेल्या काही चुकांचा उलगडा होतो. घडणाऱ्या चुकांचे भाकीत तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. पाठ्यक्रमाचा पाया विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष बोलण्यातच शोधला पाहिजे.