बलुत्याचा अर्थ आणि आमचीं दप्तरें

मनुष्याच्या देवघेवीचा उलगडा केवळ बाजारभावानें होत नाहीं, हें मानववंशशास्त्राचें एक मुख्य प्रतिपादन आहे. मॅलिनोव्स्कीनें १९२२ सालीं, मोसनें १९२५ सालीं व पोलान्यीनें १९४४ सालीं हाच विचार निरनिराळ्या अंगांनीं मांडला. देणें हें नातें जोडतें व नात्यांतून हक्क उत्पन्न होतो, असा त्याचा थोडक्यांत आशय. हा सिद्धांत पारखून पाहण्यास दूरच्या बेटांवर जाण्याचें आपणांस कारण नाहीं. बलुत्याची संस्था आपल्या घरचीच आहे, आणि तिचे कागद पुण्याच्या दप्तरांत आहेत.

बलुत्यावर मराठींत पहिलें भरदार विवेचन त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनीं ‘गांवगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथांत केलें. पांढरी व काळी ह्यांचा संसार त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता, व तो लिहितांना भीड धरली नाहीं. त्यांच्या मतें कारू-नारू, भिक्षुक व फिरस्ते ह्या सर्वांचा भार अखेर कुणब्याच्या पाठीवर येतो. निरीक्षण अस्सल आहे; परंतु आत्रे महसूल खात्याच्या नजरेनें गांव पाहतात. रोकड साऱ्याचा जाच सोसणाऱ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर उभें राहून बलुतेदार पाहिला, म्हणजे तो मागता दिसणारच. तो मागता कसा झाला, हा इतिहासाचा प्रश्न ग्रंथांत मागें पडतो.

पुढें १९३६ सालीं वायझरनें उत्तर हिंदुस्थानांतील एका खेड्यावरून यजमानी पद्धतीचा नमुना मांडला. त्यांत सेवा घराघराची, मोबदलाहि घराघराचा. हाच सांचा अनेकांनीं सरसकट सर्व देशास लावला. त्यास महाराष्ट्रापुरता सबळ आक्षेप घेतला तो फुकाझावा ह्या जपानी पंडितानें, १९७२ च्या निबंधांत, आणि तोहि मराठी कागदांच्या आधारें. त्याच्या मतें येथील बलुतेदार एकेका कुटुंबाचा नव्हे, सबंध गांवाचा सेवक होता. बलुतें हें वतन होतें. तें भावांत वाटलें जाई, प्रसंगीं विकलेंहि जाई, आणि वाद पडल्यास गोतसभेपुढें महजर होई. ज्या गोष्टीचा महजर होतो, ती भिक्षा नव्हे, हक्क होय. एवढ्या एका मुद्द्यानें आत्रे ह्यांच्या चित्रांतील रंग बदलतात.

तथापि फुकाझावाचें म्हणणेंहि जपूनच घेतलें पाहिजे. महजर भांडणाच्या वेळीं लिहिला जातो. ज्या वर्षीं खळ्यावर धान्याच्या राशींतून सुतार, लोहार, न्हावी, परीट ह्यांचे वांटे बिनतक्रार गेले, त्या वर्षाचा महजर होत नाहीं. शिवाय लेखणी कुळकर्ण्याच्या हातीं होती. महाराचा हक्क तिनें नोंदला, त्याची भूक नोंदली नाहीं.

येथेंच कल्याणाचा प्रश्न येतो. परस्पर सेवेची व्यवस्था होती, म्हणून गांव सुखी होता, असें अनुमान पुष्कळ लेखक काढतात; आमच्या मतें तें टिकत नाहीं. पिकांतील वांटा निश्चित असल्यानें कारागीर अगदींच निराधार नव्हता, हें खरें. परंतु तोच वांटा त्यास गांवाशीं बांधून ठेवी, आणि थोरल्या व धाकट्या ओळीचे वांटे सारखे नसत. १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत विधेयक आणलें, तें महारांच्या ह्याच बंधनाकडे बोट दाखवून. कनिष्ठ ग्रामवतनें रद्द करणारा कायदा १९५८ चा. आणि दया पवारांनीं १९७८ सालीं आपल्या आत्मकथनास ‘बलुतं’ हेंच नांव दिलें. शास्त्रानें ज्यास परस्परता म्हटलें, त्यास ती भोगणारा काय म्हणतो, हें ऐकल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं.

सारांश, मानववंशशास्त्र प्रश्न चांगले विचारतें; उत्तरास लागणारा काळाचा आधार त्यास दप्तरांतूनच मिळावयाचा. म्हणून संग्राहकांस एक विनंती आहे. राजकारणाचीं पत्रें आपण जिवापाड जपतों. परंतु त्याच रुमालांतील गांवखर्चाचे तुकडे, धान्याच्या वांट्यांच्या याद्या, अर्धवट ताळेबंद हे किरकोळ म्हणून बाजूस पडतात. कोणत्या वर्षीं किती पायली धान्य कोणाच्या पदरीं पडलें, हें सांगणारा साक्षीदार तेवढाच आहे. तो वाळवीच्या स्वाधीन झाला, तर गांव सुखी होता कीं नव्हता, हा वाद आपण तर्कानेंच लढत राहूं.